कॉइल चालू झाली की तापमानाचा आकडा उड्या मारतो: इंडक्शनच्या धुपाटण्यातला पुन्हा पुन्हा येणारा दोष

आमच्याकडे दिवेलागणीला धूप घालायची पद्धत आहे. गेली काही वर्षं आईला धुराने खोकल्याची उबळ येते, पण सालईच्या डिंकाचा वास तिला हवाच असतो. निखाऱ्याचं तापमान ५०० अंशांच्या पुढे असतं. त्यावर डिंक टाकला की तो आधी जळतो, मग दरवळतो. डिंकातली सुवासिक द्रव्यं मात्र फार कमी तापमानाला उडायला लागतात. त्यातलं अल्फा-पायनीन १५६ अंशांना उकळतं आणि त्याच्या कितीतरी आधीपासून हवेत मिसळत असतं. म्हणजे वाटी १४० अंशांच्या आसपास धरून ठेवली तर वास मिळेल आणि धूर होणार नाही. एवढ्यासाठी मी इंडक्शनवर तापणारं, तापमान राखणारं धुपाटणं घरी बांधलं.

बांधणी साधी आहे. १२ व्होल्टचं तयार झेडव्हीएस मॉड्यूल (कॉइलला वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह देणारं मंडल), ४ सेंटिमीटर व्यासाची ५ वेढ्यांची कॉइल, हळदीकुंकवाला वापरतो तसली जाड बुडाची स्टीलची वाटी, के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडावर तापमान मोजणारा सेन्सर), तो वाचायला मॅक्स ६६७५ चिप आणि सगळ्यावर देखरेख करायला आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड. हे सगळं लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. असं काही बांधणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात आणि मीही तिथेच दोन महिने अडकलो होतो. कॉइल बंद असते तेव्हा तापमान नीट दिसतं. चालू झाली की आकडा ९० वरून १३०, तिथून ७०, मग १६० अशा उड्या मारतो. पीआयडीचे (मोजलेल्या तापमानावरून कॉइलची ताकद कमी-जास्त करणाऱ्या सूत्राचे) आकडे कितीही बदलले तरी एके दिवशी डिंक नुसता कोमट राहतो आणि दुसऱ्या दिवशी घरभर धूर होतो.

पीआयडीला हात लावू नका. दोष नियंत्रणात नाही, मोजमापात आहे. चुकीच्या आकड्यावर कितीही हुशार नियंत्रण बसवलं तरी ते चूकच नीट सांभाळत बसणार.

आधी वाटी किती वेगाने तापू शकते ते काढा

हा हिशेब मी पहिल्याच दिवशी केला असता तर दोन महिने वाचले असते. माझी वाटी ४० ग्रॅमची. एक ग्रॅम स्टील एक अंशाने तापवायला साधारण अर्धा ज्यूल लागतो, म्हणजे पूर्ण वाटीला अंशामागे २० ज्यूल. वाटीत ६० वॅट उतरले तर ती सेकंदाला ३ अंश चढेल, त्याहून जास्त नाही. २८ अंशांवरून १४० वर जायला तिला ३७-३८ सेकंद लागतील. आता उतरण्याचं बघू. एवढ्या लहान वाटीतून १४० अंशांना हवेत जेमतेम ६ वॅट निसटतात. म्हणजे कॉइल बंद केल्यावर तापमान सेकंदाला ०.३ अंश या संथ गतीने उतरतं.

या दोन आकड्यांनी कसोटी तयार झाली. पडद्यावरचं तापमान सेकंदाला ३ अंशांपेक्षा जोरात चढलं किंवा अर्ध्या अंशापेक्षा जोरात उतरलं, तर तो बदल वाटीतला नाही, तारेतला आहे. वाटी साधारण ८० अंशांवर असताना कॉइलची वीज एकदम तोडा आणि आकड्याकडे बघत राहा.

आकडा त्याच क्षणी ३०-४० अंशांनी कोसळला, तर तुमच्या तारांमध्ये कॉइलचा विद्युत गोंगाट शिरतोय. दोन-तीन सेकंदांत घसरून मग स्थिरावला, तर थर्मोकपलची तारच कॉइलमध्ये तापत होती. आणि वीज तोडल्यावरही आकडा दहा-पंधरा सेकंद वर चढतच राहिला, तर सेन्सर सुस्त आहे. तिन्ही दोषांवरचे उपाय वेगळे आहेत. लोक तिन्हींवर एकच उपाय करतात, म्हणून दोष पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

याच्याही आधी एक प्राथमिक तपासणी करून घ्या. सेन्सर उकळत्या पाण्यात धरा. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांना उकळतं, १०० अंशांना नाही. मुंबईत किंवा कोकणात किनाऱ्यालगत राहत असाल तर १०० धरा. दोन-तीन अंशांचा फरक आला तर चिप आणि सेन्सर ठीक आहेत.

पाणी तापताना आकडा उलट उतरत गेला, तर दोन तारांची अदलाबदल झाली आहे. ही चूक आपल्याकडे सर्रास होते, कारण लाल म्हणजे धन हे आपल्या हाताला बसलेलं असतं. अमेरिकी पद्धतीच्या के-टाइप तारेत पिवळी धन असते आणि लाल ऋण. मॉड्यूलबरोबर येणाऱ्या स्वस्त सेन्सरमध्ये मात्र लाल बहुधा धन असते. रंगावर विसंबूच नका, लोहचुंबक लावून बघा. के-टाइपच्या दोन तारांपैकी एक क्रोमेलची आणि दुसरी अल्युमेलची. चुंबकाला जी ओढली जाते ती अल्युमेल, म्हणजेच ऋण.

आकडा त्याच क्षणी कोसळतो तेव्हा

के-टाइप थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. ३० अंशांची चूक व्हायला सव्वा मिलिव्होल्टही खूप झाला. आता कॉइलकडे बघा. १२ व्होल्टच्या झेडव्हीएस मंडलात कॉइलच्या टोकांवर शिखराला पुरवठ्याच्या पाय (३.१४) पट, म्हणजे ३८ व्होल्टच्या आसपास दाब येतो. तो ५ वेढ्यांत वाटला तर एका वेढ्याला साडेसात व्होल्ट. ४ सेंटिमीटर व्यासाच्या वेढ्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. याचा अर्थ असा की कॉइलच्या पोटात थर्मोकपलच्या दोन तारांमध्ये एक चौरस सेंटिमीटरची जरी फट राहिली, तरी त्या फाशात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाब उपजतो. तोही सेकंदाला एक लाख वेळा उलटसुलट होणारा. सरासरी शून्य असली तरी चिपच्या आतल्या भागांत त्याचं थोडंफार एकदिशीकरण होतं, आणि तेच आपल्याला खोटे अंश म्हणून दिसतं.

पहिला उपाय तारांच्या मार्गाचा. दोन्ही तारा अगदी जोडापासून एकमेकींभोवती घट्ट पिळा आणि कॉइलच्या मधोमध, सरळ खाली बाहेर काढा. बाजूने, दोन वेढ्यांच्या मधून काढू नका. मी आधी तसंच केलं होतं, कारण वाटीचं बुड बोर्डाला टेकवणं सोपं पडत होतं. बोर्डाला मध्ये भोक पाडून तार तिथून खाली घेतली आणि निम्मा गोंगाट गेला. दुसरा उपाय चिपजवळचा. थर्मोकपलच्या दोन पिनांमध्ये १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर अगदी पायांजवळ लावा. पुरवठ्याच्या पिनांवर १०० नॅनोफॅरडचा नसेल तर तोही लावा. चिप कॉइलपासून वीतभर तरी लांब हवी.

थर्मोकपलचा उघडा जोड वाटीला थेट टेकवू नका. मॅक्स ६६७५ मध्ये ऋण तार जमिनीला जोडलेली असते. वाटी हलून कॉइलला लागली तर कॉइलचा दाब सरळ चिपमध्ये जातो. माझी एक चिप अशीच गेली. मध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा किंवा कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचा) एक थर पुरतो. कॉइलवर फायबर ग्लासची नळी चढवा.

एवढं करूनही गोंगाट उरतोच. पण त्याच्याशी झगडायची गरज नाही. १४० अंश टिकवायला ६ वॅट लागतात आणि आपला हीटर ६० वॅटचा आहे. म्हणजे वाटी एकदा तापली की १०० पैकी ९० सेकंद कॉइल बंदच असते. मग तापमान ती चालू असतानाच का मोजायचं?

मी एक सेकंदाचा फेरा ठरवला. त्यात कॉइल जास्तीत जास्त ७०० मिलिसेकंद चालू राहील, उरलेले ३०० मिलिसेकंद काहीही झालं तरी बंद, आणि तापमान फक्त त्या शांततेत वाचायचं. तरीही आकडा हलत होता. हे कोडं सुटायला आठवडा गेला. बाकी कशासाठी नाही तरी एवढ्यासाठी ही पोस्ट लिहावी असं वाटलं.

मॅक्स ६६७५ तुम्ही विचारता त्या क्षणी मोजत नाही. तिची निवड-पिन, म्हणजे सीएस, वर गेली की ती नवं मोजमाप सुरू करते. त्याला ०.२२ सेकंदापर्यंत वेळ लागतो. पिन खाली आणली की मोजमाप थांबतं आणि आधी पूर्ण झालेला आकडा हाती येतो. तेव्हा कॉइल बंद करून लगेच वाचलं तर मिळतो तो कॉइल चालू असताना मोजलेला, गढूळ आकडा. उपाय असा: कॉइल बंद करा, २० मिलिसेकंद थांबा, एकदा वाचून तो आकडा फेकून द्या. या फेकवाचनाने चालू असलेलं मोजमाप रद्द होतं आणि शांततेतलं नवं सुरू होतं. मग २५० मिलिसेकंद थांबून खरं वाचन घ्या. सगळं मिळून २७० मिलिसेकंद, म्हणजे ३०० च्या खिडकीत बसतं. हे केल्यावर त्याच संध्याकाळी उड्या बंद झाल्या. उरला तो अर्ध्या अंशाचा थरथराट. चिपची पायरीच पाव अंशाची आहे, तेव्हा तेवढा चालायचाच.

तुमचा प्रोग्राम दर १०० मिलिसेकंदांनी वाचत असेल तर याची दुसरी बाजू दिसेल. चिपला मोजमाप पुरं करायला वेळच मिळत नाही आणि आकडा गोठल्यासारखा एका जागी राहतो.

आकडा दोन-तीन सेकंदांत घसरतो तेव्हा

इथे शांततेत मोजूनही भागत नाही, कारण जोड खरोखरच वाटीपेक्षा जास्त तापलेला असतो. अल्युमेल चुंबकीय आहे, त्यामुळे कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात ती स्वतःच तापते, वाटीसारखीच. तार जेवढी जाड तेवढा त्रास जास्त, म्हणून बारीक तारेचा, मणी-जोडाचा थर्मोकपल घ्या. वाटीच्या बुडाला बाहेरून, अगदी मध्यावर टेकवा. तिथे वाटीचं स्टीलच क्षेत्र अडवतं आणि जोड सावलीत राहतो. काठाजवळ लावला तर उन्हात.

इन्फ्रारेड सेन्सरने ही कटकट टळते असं वाटेल. मात्र चकचकीत स्टील उष्णता फार कमी उत्सर्जित करतं आणि सेन्सर खोलीचंच प्रतिबिंब मोजत बसतो. बुडाला उष्णता सोसणारा काळा रंग दिला तर जमतं. पण डिंकाची वाफ काचेवर बसली की पुन्हा चूक, त्यामुळे मी तो नाद सोडला.

आकडा मागाहून चढत राहतो तेव्हा

मॉड्यूलबरोबर येणारा ६ मिलिमीटरचा आट्याचा सेन्सर म्हणजे एक छोटा बोल्टच. त्याला वाटीच्या बरोबरीला यायला १५ सेकंद लागले, तर तेवढ्यात वाटी ४५ अंश पुढे निघून गेलेली असते. सेन्सर १४० म्हणेल तेव्हा वाटी १८० च्या वर असेल, डिंक काळा पडलेला असेल. बदलून टाका.

आकडा सुधारला आणि मॉस्फेट जळू लागले

दर सेकंदाला कॉइल बंद-चालू करायला लागलो आणि पंधरा दिवसांत मॉड्यूलवरचे तीन मॉस्फेट (कॉइलचा प्रवाह उघडझाप करणारे ट्रान्झिस्टर) गेले. या मॉड्यूलला बंद-चालूसाठी वेगळी पिन नसते, वीज दिली की ते सुरू. झेडव्हीएस सुरू होताना पुरवठा झटक्यात पूर्ण दाबावर यावा लागतो. दाब हळूहळू चढला किंवा भाराने बसला, तर दोन्ही मॉस्फेट एकाच वेळी अर्धवट उघडतात, आंदोलन सुरूच होत नाही आणि प्रवाह चोकमधून (पुरवठा आणि कॉइल यांच्यामधल्या वेटोळ्यातून) थेट जमिनीला जातो. काही सेकंदांत मॉस्फेट जळतो.

माझी पहिली चूक अडॅप्टरची होती. सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर दरवेळी सुरुवातीलाच बसायचा. एलईडी पट्ट्यांना लावतात तो १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घेतला. तो सतत चालू ठेवून मॉड्यूलकडे जाणारी तार तोडायची-जोडायची, एसएमपीएसची मुख्य वीज नाही. २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर स्विचच्या आधी, पुरवठ्याच्या बाजूला लावा. स्विचनंतर लावला तर तो भरेपर्यंत दाब चढत नाही आणि मूळ दुखणं परत येतं.

स्विच म्हणून रिले नको. नेहमीच्या निळ्या रिलेचं आयुष्य भारावर साधारण एक लाख वेळा उघडझाप एवढं असतं. सेकंदाला एकदा म्हटलं तर २८ तासांत संपलं. मी आयआरएफ ४९०५ हा पी-चॅनल मॉस्फेट धन तारेत लावला, त्याचं गेट एका साध्या ट्रान्झिस्टरने ओढलं. मॉड्यूलच्या प्रवेशावर एक शॉटकी डायोड उलटा लावा. तार तुटते त्या क्षणी चोकमधल्या प्रवाहाला वाट हवी असते. ती नाही मिळाली तर तो मॉस्फेट फोडून वाट काढतो.

लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर घरात पडून असतो आणि मोह होतो. पाय गुणिले १९ म्हणजे ६० व्होल्ट, आणि या मॉड्यूलवरच्या आयआरएफझेड ४४ एनची सहनशक्ती ५५ व्होल्ट. तो काही दिवस चालेलही, पण जळणार हे नक्की. ५ व्होल्टलाही चालवू नका, गेट पूर्ण उघडायला तो दाब अपुरा पडतो. आणि जास्त ताकद हवी म्हणून स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी उघडू नका. तिच्या आत सव्वातीनशे व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतो.

सेन्सर निसटला तर

माझ्या मते हा सगळ्यात धोक्याचा दोष, आणि तो आकड्यांत दिसत नाही. तार तुटली तर मॅक्स ६६७५ तसं सांगते, तिच्या उत्तरात त्यासाठी एक बिट राखलेला आहे. पण जोड नुसता वाटीपासून सुटून लोंबकळला, तर चिप प्रामाणिकपणे खोलीचं तापमान सांगत राहते आणि आर्डुइनो ते १४० करायला कॉइल पूर्ण ताकदीने चालवतं. वाटी लाल होईपर्यंत. डिंक पेटतो.

म्हणून प्रोग्राममध्ये एक अट घाला: कॉइल २० सेकंद पूर्ण ताकदीवर आहे आणि तापमान १० अंशांनीही वाढलं नाही, तर सगळं बंद, आणि हाताने प्लग काढून घातल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. वाटी डिंकाने काठोकाठ भरून मी ही अट मुद्दाम तपासली. खरं तापणं, हळू असलं तरी, तिला ओळखता येतं. तरीही प्रोग्राम अडकू शकतो, म्हणून वाटीखालच्या पट्टीला थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) लावा, इस्त्रीत किंवा राइस कुकरमध्ये असतो तसला. तो कॉइलच्या पोटात ठेवू नका, त्याचं धातूचं कवच तिथे स्वतःच तापून उगीच उडतं.

कापूर यात घालू नका. त्याची वाफ चटकन पेट घेते, आणि लहान मुलांना तो अपायकारक आहे. हे यंत्र खोलीत दरवळ यावा यासाठीच आहे, नाक लावून वाफारा घ्यायला नाही.

मग पीआयडी

आता त्याची पाळी. खरं तर पीआयसुद्धा पुरतं, म्हणजे फरकाचं प्रमाण आणि फरकांची बेरीज एवढंच. लक्ष्याच्या २५ अंश आधीपर्यंत पूर्ण ताकद, तिथून पुढे उरलेल्या फरकाच्या प्रमाणात. बेरजेचा भाग त्या २५ अंशांतच चालू ठेवायचा, नाहीतर तापतानाच ती बेरीज फुगते आणि वाटी लक्ष्य ओलांडून जाते. माझी वाटी आता १४० च्या वर ३ अंश जाऊन मिनिटाभरात स्थिरावते. सालई १४० वर, लोबान १३० वर. सालई साधारण पाऊण तास दरवळते. नंतर उरलेली राळ वाटी कोमट असतानाच लाकडी काडीने खरवडली तर निघते, थंड झाल्यावर काचेसारखी चिकटते.

वाटी बदललीत तर ३ अंश आणि ०.३ अंशाची कसोटी पुन्हा करा. चुंबक लावून बघा. जिला तो घट्ट चिकटतो ती ४३० जातीच्या स्टीलची, पटकन तापते. ३०४ जातीच्या वाटीला तो चिकटत नाही, आणि तिचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर या वारंवारितेला क्षेत्र त्यातून आरपार जातं. मग वाटी तापायच्या आधी तिच्याखालचा सेन्सरच तापतो आणि वर लिहिलेला दुसरा दोष परत सुरू होतो. पितळेचं धुपाटणं कितीही देखणं असलं तरी या कॉइलवर ते चालत नाही. आमचं जुनं पितळेचं आता बाहेरचं आवरण म्हणून ठेवलंय, कॉइलपासून दोन बोटं लांब, आणि आत ४३० ची वाटी.